एका मैदानावर सगळी मुलं: पीटीच्या तासात मोबाइलचा खरा उपयोग

एका शिक्षिकेने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, पट चाळीसच्या पुढे. त्यात एक मुलगा कर्णबधिर, एका मुलीला अगदी कमी दिसतं, एकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असून तो व्हीलचेअरवर असतो, एक स्वमग्न आहे, दोघांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. काही मुलं ऊसतोडीवरून आई-वडिलांबरोबर परत आलेली, काहींच्या घरची भाषा मराठी नाही. तास 35 मिनिटांचा. हाताशी बाईंचा स्वतःचा मोबाइल, एक ब्लूटूथ स्पीकर आणि वर्गातला स्मार्टबोर्ड. ‘तंत्रज्ञान वापरून या सगळ्यांना एकत्र कसं खेळवू? कोणतं ॲप घेऊ?’

मॅडम, ॲपकडे आपण नंतर येऊ. समावेशित वर्गांना मैदानावर शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि माझा क्रम ठरलेला आहे. आधी खेळ बदलायचा. मग बघायचं, की खेळातली कोणती माहिती कोणत्या मुलापर्यंत पोचत नाही. आणि तेवढी माहिती पोचवण्यापुरता फोन खिशातून काढायचा.

कोणत्याही खेळात मुलाला चार गोष्टी सतत कळाव्या लागतात: सुरू कधी करायचं, चेंडू किंवा गडी कुठे आहे, मला जमतंय की नाही, आणि थांबायचं कधी. आपल्या नेहमीच्या तासात यातलं बरंचसं शिट्टीतून येतं, म्हणजे कानावाटे. उरलेलं प्रात्यक्षिकातून, म्हणजे डोळ्यांवाटे. नियम मात्र लांबलचक बोलण्यातून येतात, आणि तेही प्रमाण मराठीतून. ज्या मुलासाठी यातली एक वाट बंद आहे, त्याला दुसरी वाट काढून देणं हे फोनचं काम. ते सोडून त्या मुलाच्या हातात टॅब देऊन त्याला झाडाखाली बसवलं, किंवा गुण लिहायला बसवलं, तर त्याचा पीटीचा तास झालाच नाही असं समजा.

खेळ बदलायचा म्हणजे काय, ते लगोरीवरून सांगतो. फक्कीने तीन रेषा आखा. जवळच्या रेषेवरून लगोरी फोडली तर एक गुण, मधलीवरून दोन, लांबून तीन. रेषा ज्याची त्याने निवडायची. चपट्या दगडांऐवजी रिकामे पत्र्याचे डबे रचले की पडल्याचा खणखणाट होतो आणि कमी दिसणाऱ्या मुलीला नेम लागल्याचं लगेच कळतं. डबे बाकावर रचले तर व्हीलचेअरवरच्या मुलालाही ते पुन्हा लावता येतात. पाठलाग करणाऱ्यांनी चालतच पकडायचं, धावायचं नाही, असा एक डाव ठेवा; सिकलसेलची दोन्ही मुलं आणि वजनाने भारी मुलं पूर्ण डाव खेळतील. जागा, काम, साहित्य आणि सोबतची माणसं या चारपैकी एकेक गोष्ट बदलत जायचं. इथवर फोन लागलेला नाही, आणि बहुतेक अडचणी इथेच संपतात.

कर्णबधिर मुलाचा भाग त्यातल्या त्यात सोपा, म्हणून तिथून सुरू करा. कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे डेफलिंपिकमध्ये, शर्यत दिव्यांवर सुटते: लाल दिव्याला जागेवर, पिवळ्याला तयार, हिरव्याला पळा. शाळेत त्यासाठी मोबाइलचा फ्लॅश वापरावा असं बरेच जण सुचवतात. दुपारच्या उन्हात तो धड दिसत नाही. उंच धरून झपकन खाली आणलेला लाल रुमाल त्याहून कितीतरी चांगला. सगळा वर्गच रुमालावर सोडा. म्हणजे त्या मुलासाठी वेगळी सोय केली असं दिसत नाही आणि बाकीच्यांनाही बघून सुटायची सवय लागते. फोन कामाला येतो तो सर्किटच्या तासाला. 30 सेकंद व्यायाम, 15 सेकंद विश्रांती, मग पुढचं ठाणं, असं चक्र असतं तेव्हा इंटरव्हल टायमरचं कोणतंही मोफत ॲप कंपनावर लावून फोन कमरेच्या पाऊचमध्ये त्याला द्या. बाकीचे शिट्टी ऐकून ठाणं बदलतात, तो कमरेशी थरथर जाणवली की बदलतो. पुढे पुढे तोच गटाचा म्होरक्या होतो, कारण त्याची वेळ कधी चुकत नाही.

सूचना देताना ऊन तुमच्या चेहऱ्यावर हवं, त्याच्या डोळ्यांवर नको. नाहीतर त्याला तुमचे ओठ आणि हात दिसणार नाहीत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 10,000 शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केलेला आहे. त्यातले धाव, थांब, जोडी, वळ, पाणी, दुखतंय का, पुन्हा, शाबास असे मैदानावर लागणारे संकेत आधी घरी बघून घ्या आणि अख्ख्या वर्गाला शिकवा. फक्त तुम्हाला येऊन भागत नाही. पास मागायचा असतो तो सोबतच्या गड्याकडे. मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, असेल तर डोक्याला मार बसेल असे खेळ आणि बाहेरचं यंत्र कधी काढायचं, याबद्दल त्याच्या डॉक्टरांशी आधी बोला.

आता कमी दिसणारी मुलगी. तिला ‘दिसतं का?’ असं विचारू नका. काय, किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात दिसतं ते तिच्याबरोबर मैदानावर फिरून बघा. पुष्कळ वेळा पिवळा चेंडू लाल मातीवर दिसतो आणि वाळल्या गवतावर दिसत नाही. सकाळी दिसतो, भर उन्हात नाही. चेंडूचा आवाज हवा असेल तर फुटबॉल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, घरंगळताना तो सळसळतो. पैसे खर्च करून घुंगरांचा चेंडू आणला तरी हरकत नाही, पण पिशवीने उद्याच सुरुवात होते.

ब्लूटूथ स्पीकर इथे वापरा. धावण्याच्या रेषेच्या टोकाला, अंतिम रेषेच्या चार-पाच मीटर पलीकडे तो ठेवा आणि एकसारखी टकटक लावा. मेट्रोनोमचं साधं ॲप पुरतं. मुलगी आवाजाच्या रोखाने धावते. स्पीकर रेषेवरच ठेवला तर ती आवाजाजवळ येताना वेग कमी करते, म्हणून तो पलीकडे हवा आणि मध्ये वाट पूर्ण मोकळी हवी. गाणं लावू नका. गाण्यात आवाज चढतो-उतरतो आणि दिशा हरवते. आणखी एक लक्षात ठेवा, ब्लूटूथवर आवाज जरासा उशिरा पोचतो. वाट दाखवायला त्याने फरक पडत नाही, पण शर्यत सोडायची असेल तर टाळी किंवा शिट्टीच बरी. वाऱ्याचा दिवस असेल, शेजारच्या वर्गाचा गोंगाट असेल, तर स्पीकर बाजूला ठेवा आणि जोडीदार द्या. दोघांच्या हातात एक आखूड दोरी, जोडीदार अर्धं पाऊल मागे. पॅरालिंपिकमध्ये पूर्ण अंध धावपटू असेच मार्गदर्शक धावपटूसोबत दोरी धरून धावतात.

महिन्यातून एकदा पूर्ण वर्गाला गोलबॉल खेळवा, असा माझा आग्रह राहील. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1946 मध्ये हा खेळ तयार झाला. मैदान 18 बाय 9 मीटर, संघात तीन गडी, चेंडूत घुंगरं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. रेषा हाताला कळाव्यात म्हणून टेपखाली दोरी असते. आपण शाळेच्या हॉलमध्ये किंवा लांब व्हरांड्यात सुतळीवर टेप चिकटवून ते करू शकतो. चेंडू चालू असताना अवाक्षर काढायचं नाही हा खेळाचाच नियम आहे. डोळ्यांवर पट्टी आली की रोजच्या हिकमती उपयोगी पडत नाहीत, आणि आवाजाचा माग काढण्यात ती मुलगी वर्गापेक्षा पुढे असते.

व्हीलचेअरवरच्या मुलासाठी बोशिया. हा खेळ 1984 पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. सहा लाल चेंडू, सहा निळे आणि एक पांढरा. आपला चेंडू पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून सोडतात, आणि ही पन्हळ आपण शाळेतच करू शकतो. चार इंची पीव्हीसी पाइप दीड मीटर घ्या, प्लंबरकडून मधोमध उभा चिरून घ्या, कडा सँडपेपरने घासा. एक टोक स्टुलावर, दुसरं जमिनीवर. त्यातून टेनिसचा चेंडू छान घरंगळतो. स्टुलाची उंची बदलली की चेंडू किती लांब जातो ते बदलतं, पाइप डावी-उजवीकडे सरकवला की दिशा. पाइप सरकवायला सोबती असतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं आणि मुलगा सांगेल तेवढंच हलवायचं. हा नियम कधीही शिथिल करू नका. मोठ्या स्पर्धांतही तसंच असतं, आणि त्यामुळेच प्रत्येक फेकीचा निर्णय त्या मुलाचा राहतो.

इथे फोनला एक चांगलं काम आहे. फोन स्टँडवर उंच लावून पांढऱ्या चेंडूकडे रोखा आणि प्रत्येक फेरीनंतर फोटो काढा. खाली व्हीलचेअरच्या उंचीवरून कोणता चेंडू जवळ आहे ते नीट कळत नाही, वरून काढलेल्या फोटोत लगेच कळतं. वाद मिटतात आणि पुढची फेक कुठे टाकायची याचा विचार मुलगा फोटो बघून करायला लागतो. बोलणं अस्पष्ट असेल तर ‘डावीकडे, उजवीकडे, उंच, खाली, सोड’ असे पाच शब्द पाच चित्रांवर रेकॉर्ड करून ठेवा; चित्राला हात लावला की फोन बोलतो. हात फार थरथरत असेल तर फोनऐवजी पुठ्ठ्यावरची मोठी चित्रं आणि नजरेचा इशारा बरा.

स्वमग्न मुलाला अडचण बहुधा खेळाची नसते. पुढे काय होणार हे माहीत नसणं, आणि अचानक वाजणारी शिट्टी, यांचा त्रास होतो. तासाचे पाच फोटो काढा: रांग, धावणं, चेंडू, पाणी, वर्गात परत. छापून, लॅमिनेट करून, रिंगमध्ये ओवून त्याच्या हातात द्या. एक झालं की तो पान उलटतो. फोटो त्याच्याच मैदानावरचे हवेत, इंटरनेटवरची कार्टून नकोत. वेळ संपत आल्याचं दाखवायला रंगाची चकती हळूहळू कमी होत जाणारा टायमर मिळतो, तो चांगला उपयोगी पडतो. आणि त्या वर्गात शिट्टी वाजवणं शक्य तितकं टाळाच. रुमाल आहेच की.

व्हिडिओबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त ताकद त्यातच आहे आणि बहुतेक जण तो उलटा वापरतात. मुलाची चूक टिपून त्याला दाखवतात. शिकायला जड जाणाऱ्या मुलांना याचा फायदा कमी आणि संकोच जास्त होतो. माझ्याकडे बौद्धिक अक्षमता असलेली एक मुलगी होती. चेंडू येताना दिसला की ती डोळे मिटायची आणि हात छातीशी घ्यायची. चेंडूऐवजी फुगा घेतला, कारण तो सावकाश येतो, आणि तिच्या मैत्रिणीला समोर उभं करून मी शूट करत राहिलो. बहुतेक वेळा फुगा खाली पडला. थोडे झेल जमले. घरी बसून फक्त ते झेल कापून एकापुढे एक जोडले; माझा आवाज, मैत्रिणीने मनगट धरून केलेली मदत, सगळं काढून टाकलं. वीस-पंचवीस सेकंदांची चित्रफीत झाली, ज्यात ती एकटी प्रत्येक झेल घेते आहे. दर तासाआधी तिला ती दाखवायची आणि लगेच मैदानावर जायचं, एवढाच कार्यक्रम. आधी ती स्क्रीनसमोरच हात पुढे करायला लागली, मग फुग्याला, मग मऊ चेंडूला. डोळे उघडे ठेवणं तिला कुणी तोंडाने शिकवलं नाही. स्वतःला यशस्वी होताना बघून शिकण्याची ही पद्धत स्वमग्न मुलांसाठीही चांगली चालते. एडिटिंगला फोनमधलं साधं ॲप पुरतं.

चांगल्या खेळाडूंसाठी स्लो मोशन वापरा. लांब उडीत फळीवर पाय टेकतो तो सेकंदाचा साधारण दहावा भाग. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं, म्हणजे त्या क्षणाची जेमतेम तीन. 240 चित्रांच्या स्लो मोशनला चोवीस मिळतात आणि पाय टाचेवर पडतो की चवड्यावर ते दिसतं. शाळेत संगणक असेल तर किनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर कोन आणि अंतरं मोजायला उत्तम आहे. उन्हात स्क्रीन दिसत नाही त्यावर उपाय: बुटांच्या खोक्याला आतून काळा कागद लावा, एका बाजूला फोन, दुसरीकडून बघायचं. व्हिडिओ आणि ॲप घरूनच डाउनलोड करून आणा, मैदानावर नेटच्या भरवशावर राहू नका.

ज्यांच्या घरी पावरी, भिली, कोरकू किंवा गोंडी बोलतात त्यांच्यासाठी नियम मोठ्या वर्गातल्या त्याच भाषेच्या मुलाकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. एका खेळाला अर्ध्या मिनिटाचं बोलणं आणि तीन चित्रं पुरतात. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर परतलेल्या मुलांना मधले खेळ माहीत नसतात. त्यांनाही हाच साठा उपयोगी पडतो. वर्गासमोर ‘तुला एवढंही येत नाही?’ हे ऐकण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही.

सिकलसेलबद्दल मात्र काटेकोर राहा. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या शिक्षकांना हे रोजचं आहे. या मुलांना खेळायचं आहे आणि खेळता येतं, पण दम लागेपर्यंत सलग पळवणं, पाणी कमी पडणं आणि भर उन्हाचा तडाखा यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. टायमर दर पंधरा मिनिटांनी पाण्यासाठी वाजू दे आणि पूर्ण वर्गाने पाणी प्यावं, म्हणजे त्या दोघांना हात वर करून थांबावं लागणार नाही. मूल म्हणालं दुखतंय, की खेळ तिथेच थांबवायचा. ‘अजून एक फेरी’ हा आग्रह या मुलांना करायचा नाही. डाउन सिंड्रोम असलेलं मूल वर्गात आलं तर डॉक्टरांनी मानेच्या मणक्यांची तपासणी करून होकार दिल्याशिवाय कोलांटी उडी, शीर्षासन असं काही घेऊ नका. फिट येणाऱ्या मुलाला दोरावर किंवा उंचावर एकटं चढवू नका.

चाचण्यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचण्यांत 9 ते 18 वयोगटाला 50 मीटर धाव, 600 मीटर धाव किंवा चाल, पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, जोर अशी मोजणी असते. व्हीलचेअरवरच्या मुलाच्या नावापुढे ‘गैरहजर’ किंवा शून्य लिहू नका. दिव्यांग मुलांसाठी ब्रॉकपोर्ट नावाचा चाचणीसंच आहे, 10 ते 17 वयासाठी, एकूण 27 चाचण्यांचा; त्यातून त्या मुलाला लागू पडतील अशा चार ते सहा निवडायच्या असतात. तो मिळाला नाही तरी ठरावीक वेळात खुर्ची किती अंतर ढकलली हे मोजा, तारखेसह लिहा आणि दोन महिन्यांनी त्याच मुलाच्या त्याच आकड्याशी तुलना करा. पावलं आणि ठोके मोजणाऱ्या मनगटावरच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. पावलं मोजणारं यंत्र खुर्ची ढकलणाऱ्याची मेहनत बहुधा मोजतच नाही आणि पाय ओढत चालणाऱ्याची पावलं गाळतं. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या मुलाचे ठोके श्रमाच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे आकडा बघून ‘अजून जोर लाव’ म्हणणं धोक्याचं ठरतं. हसऱ्यापासून दमलेल्यापर्यंत चेहऱ्यांची पट्टी काढा आणि मुलाला बोट ठेवायला सांगा. ती सगळ्या वर्गाला चालते.

स्मार्टबोर्ड पावसाळ्यासाठी राखून ठेवा. गोलबॉल, बोशिया, व्हीलचेअर बास्केटबॉलचे सामने दाखवा. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ 46 गटात (हाताला अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा गट) 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवलं, ती फेक दाखवा. एफ 46 म्हणजे काय, गट का पाडतात, यावर वर्गात बोला. मग मुलांनाच सांगा, आपल्या वर्गाच्या खो-खोचे असे नियम करा की सगळे खेळतील. दहा मिनिटांत तुम्हाला सुचले नसते असे नियम फळ्यावर येतात.

व्हिडिओ काढण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील सगळे बालकच धरले आहेत. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिव्यांग मुलाचा धडपडतानाचा व्हिडिओ कौतुकानेसुद्धा टाकू नका. मुलाला दाखवला, काम झालं, पुसून टाका. जो ठेवायचा तो मुलाला आणि पालकांना विचारून.

आता ॲप. इंटरव्हल टायमर, मेट्रोनोम, स्लो मोशन कॅमेरा, साधं व्हिडिओ एडिटिंग, आणि मोठ्या वर्गातल्या अंध मुलाला स्वतः फोन वापरायचा असेल तर अँड्रॉइडमध्येच असलेलं, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक. पाचही फुकट. स्टँड, पाइप, चेंडू, सुतळी, टेप यांचा खर्च शाळेच्या क्रीडा साहित्यात बसतो. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना एकदा मैदानावरच बोलवा. ते बहुतेक वर्गात येऊन जातात, पीटीच्या तासाला त्यांना कुणी बोलावत नाही.

शेवटचं, मुख्याध्यापक ‘त्या मुलाला पीटीतून सूट देऊन टाका’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 मध्ये शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि त्या कायद्यातल्या 21 प्रकारांत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, सिकलसेल हे तिन्ही आहेत. हे शांतपणे दाखवा. पीटीतून सूट मागणारा अर्ज पालकांकडून आला तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा, पण ‘हा खेळू शकतो का?’ असं विचारू नका, त्यावर सावधगिरीचं उत्तर बहुतेक ‘नको’ असंच येतं. कोणत्या हालचाली टाळायच्या, कोणत्या वाढवायच्या आणि कोणतं लक्षण दिसलं की थांबायचं, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या, उत्तरं त्यांच्याच हस्ताक्षरात घ्या आणि तो कागद हजेरीच्या वहीत चिकटवून ठेवा.